खोलातला बोल्ट

गेल्या शनिवारी मालवणात मित्राच्या सॅन स्टॉर्मचा स्टार्टर काढायला बसलो. १९९८ साली आलेली, गोव्यात बनलेली ही दोन सीटची गाडी. बॉडी फायबरची, ती गंजत नाही. पण बोल्ट लोखंडीच, आणि समोर समुद्र! शेवटचा बोल्ट नुसता बोटांना लागत होता. मी पान्यावर जोर देणार, तोच मिस्त्री म्हणाले, "घाई करू नकात, तुटतलो." तेल सोडून रात्रभर थांबलो. सकाळी सुटला.

इथे दोष खाऱ्या वाऱ्याचा. पण १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपमध्ये नुसता क्लच बदलायला अख्खं इंजिन उतरवावं लागतं! माझं मत विचाराल तर, डिझाइन करणाऱ्याने आपला बोल्ट एकदा स्वतः सोडवून बघावा. आम्हा कोड लिहिणाऱ्यांनीसुद्धा.