पाऊस मुरवायचं टेंडर कोण काढणार?

सुरुवात एका आकड्यापासून करू. आकडा आहे १.

इंग्रजांच्या काळात मुंबईत पावसाचं पाणी वाहून नेण्यासाठी जे नाले आणि वाहिन्या बांधल्या, त्यांच्या हिशोबात दोन गोष्टी धरल्या होत्या. तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडेल आणि त्यातलं निम्मं पाणी जमीन पिऊन टाकेल. उरलेलं निम्मं नाल्यात येईल. इंजिनिअरिंगच्या भाषेत याला रनऑफ कोएफिशिएंट ०.५ म्हणतात. १९८५च्या पुरानंतर महापालिकेने नव्याने अभ्यास करून घेतला आणि १९९३ साली त्याचा अहवाल आला, तोच ‘ब्रिमस्टोवॅड’. त्यात पाऊस तासाला ५० मिलिमीटर धरला आणि कोएफिशिएंट केला १. म्हणजे पडलेला प्रत्येक थेंब नाल्यात येणार. जमीन काहीच पिणार नाही.

गुणाकार करून बघा. आधी नाल्यावर १२.५चा भार होता, आता ५०चा. चौपट. यातली दुप्पट वाढ पावसाच्या आकड्यामुळे, आणि दुप्पट निव्वळ आपण जमीन झाकून टाकल्यामुळे.

नाला बांधताना सगळ्यात वाईट परिस्थिती धरावी, हे बरोबरच आहे. पण नाल्याचा व्यास ठरवण्यासाठी घेतलेलं गृहीतक आपण शहर चालवायचं धोरण करून टाकलं. पाणी मुरणारच नाही असं एकदा कागदावर आलं की ते मुरवायची जबाबदारी कुणाच्याच टेबलावर राहत नाही. रस्ते खातं काँक्रीट ओततं, पर्जन्यजल खातं पंप बसवतं, उद्यान खातं उड्डाणपुलाच्या खांबांवर कुंड्या टांगतं. तिघांची बिलं निघतात. हिंदमाता मात्र तुंबतंच.

आता समुद्राकडे बघू. मुंबईचे नाले समुद्रात आणि खाड्यांत रिकामे होतात. दिवसातून दोनदा भरती येते. पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरती कोणत्या दिवशी आहे, याची यादी पालिकाच दरवर्षी जाहीर करते. अशा वेळी समुद्राची पातळी नाल्यांच्या तोंडांहून वर असते. पाणी आपोआप बाहेर जात नाही, उलट समुद्रच आत शिरायला बघतो. नाला कितीही रुंद केला तरी ते काही तास समोरचं दार बंदच.

सकाळी दहाला तत्काळ तिकिटं उघडतात तेव्हा आयआरसीटीसीचं काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. सगळे एकाच मिनिटाला आत घुसतात. आमच्या धंद्यात यावर ‘वायर जाड करा’ हा उपाय कुणी सुचवत नाही. येणाऱ्यांना रांगेत थांबवायचं आणि झेपेल त्या गतीने आत सोडायचं, हा उपाय असतो. पाण्यालाही रांग लागते. ती कुठे लावायची, एवढाच प्रश्न आहे. मैदानात लावायची, तळ्यात लावायची, की कुर्ल्याच्या क्रांतीनगरात लोकांच्या घरात? आज उत्तर तिसरं आहे. मिठीने धोक्याची पातळी गाठली की क्रांतीनगरातली माणसं अंथरुणं उचलून शाळेत नेली जातात.

मिठी विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यावर वाहते आणि सुमारे १८ किलोमीटरनंतर माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत तिला विमानतळाच्या धावपट्टीखालून जावं लागतं. पुढे खाडीकाठची दलदल आणि खारफुटी भरून उभं केलेलं वांद्रे-कुर्ला संकुल लागतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा नदीला पसरायला जागा कुठे होती? त्यानंतर आपण काय केलं, तर नदीचं पात्र खोल-रुंद केलं आणि दोन्ही काठांना भिंती बांधल्या. नदीची रांग लावायची जागा बुजवली आणि रांगेला कठडे लावले.

आता ‘निसर्गाधारित उपाय’ हा शब्द फॅशनमध्ये आहे. तो ऐकला की दोन प्रकारची माणसं मला घाबरवतात. पहिली, ज्यांना त्यातून हिरवी भिंत, सेल्फी पॉइंट आणि सायकल ट्रॅक दिसतो. दुसरी, ज्यांना वाटतं की चार झाडं लावली की पूर थांबेल. थांबणार नाही. ९४४ मिलिमीटर कुठलीच बाग पिऊ शकत नाही. पंप लागतील, नाले लागतील. प्रश्न उरलेल्या शेकडो दिवसांचा आहे, त्या रोजच्या तुंबण्याचा, ज्यात काही सेंटिमीटर पाणी आणि काही तासांचा अवधी यावर सगळं ठरतं.

हिशोब साधा आहे. एक हेक्टर जागेवर तासात ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५ लाख लिटर पाणी. कोएफिशिएंट १ वरून नुसता ०.८५ वर आणला तर त्या एका हेक्टरवर ७५ हजार लिटर पाणी नाल्यात येत नाही. दहा हजार लिटरचे साडेसात टँकर. तेच टँकर, ज्यांच्यासाठी मे महिन्यात तुमची सोसायटी पैसे मोजते.

आणि न मुरलेलं पाणी? ते थांबवता येतं. एक हेक्टरचं मैदान आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूटभर खोल ठेवलं तर त्यात सुमारे ३० लाख लिटर पाणी मावतं. भरती ओसरली की सोडून द्यायचं. धो धो पावसात तिथे तसंही कुणी क्रिकेट खेळत नसतं.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर कोपनहेगन बघा. तेही समुद्राकाठचं शहर. २ जुलै २०११ रोजी तिथे दोन-तीन तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला. पुढच्याच वर्षी शहराने ढगफुटीचा आराखडा केला. त्यात बोगदे आहेत, पण त्यांच्या जोडीला पाणी वाहून नेणारे रस्ते आणि पाणी साठवणाऱ्या बागाही आहेत. एंगहावे नावाची जुनी बाग त्यांनी अशी बदलली की तिच्यात सुमारे २२ हजार घनमीटर पाणी थांबतं. एरवी मुलं तिथे हॉकी खेळतात.

‘ते डेन्मार्क, आपली मुंबई वेगळी’ असं कुणी म्हणेल. खरं आहे. आपला पाऊस जास्त, जागा कमी, खाली काळा कातळ, आणि जुलैपर्यंत माती तुडुंब. पण पाणी थांबवून ठेवायचं तत्त्व पालिकेने स्वतःच मान्य केलंय. हिंदमात्याचं पाणी साठवण्यासाठी प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली भूमिगत टाक्या बांधल्यात. म्हणजे बाग पाणी सांभाळू शकते हे पटलंय, फक्त तिच्या पोटात काँक्रीटची टाकी असली पाहिजे.

दुसरा आक्षेप: असल्या बागांची देखभाल कोण करणार, दोन वर्षांत कचरापेटी होईल. मग नाल्यांची देखभाल कशी चाललीय? दरवर्षी गाळ काढायचा आणि दरवर्षी तो निघाला का यावर भांडायचं. मिठीच्या गाळउपशात ६५ कोटींचा घोटाळा झाल्याच्या आरोपावरून २०२५ मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. देखभाल हा दोन्हीकडचा रोग आहे. त्याचं कारण देऊन एकच औषध बंद करता येत नाही.

खरं कारण मोजमापात आहे. काँक्रीट घनमीटरमध्ये मोजता येतं, त्याचा दर ठरलेला असतो, बिल निघतं. न आलेल्या पुराचं बिल कसं काढणार? २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांचं काँक्रीटीकरण जोरात सुरू झालं. पहिला टप्पाच सुमारे ४०० किलोमीटर आणि सुमारे ६ हजार कोटींचा. डांबरही पाणी पीत नव्हतं, मान्य. पण रस्ता उकरलेलाच होता. तेव्हाच पदपथाच्या कडेला खड्डेदार फरसबंदी, झाडांभोवती उघडी माती, कडेचे खोलगट वाफे करून घेता आले असते. अशी संधी एका रस्त्याला काही दशकांतून एकदाच मिळते.

तेव्हा मागणी सुशोभीकरणाची नको, टेंडरमधल्या एका ओळीची हवी. रस्ता असो, मैदान असो की मेट्रोचं स्टेशन, प्रत्येक सार्वजनिक कामाच्या निविदेत लिहा: हे काम किती लिटर पाणी, किती तास अडवेल. पहिल्या पावसाळ्यात ते मोजा आणि त्यावर ठेकेदाराचा शेवटचा हप्ता ठरवा. आकडे वॉर्डवार जाहीर करा. आणि जी खारफुटी, जी तळी आज हे काम फुकटात करतात, त्यांचीही लिटरमध्ये नोंद करा. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये खारफुटीला संरक्षण दिलं, पण सार्वजनिक हिताच्या प्रकल्पांसाठी परवानगीचं दार उघडं ठेवलं. त्या दारातून जाणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने आपण किती लिटरची जागा खाल्ली आणि ती कुठे भरून दिली, हे सांगायलाच हवं.

नगरसेवक मत मागायला आला की आपण विचारतो, रस्ता कधी होणार? यापुढे सोबत आणखी एक प्रश्न विचारा. आमच्या वॉर्डाचा कोएफिशिएंट किती? त्याला माहीत नसेल. मग त्याला वॉर्ड ऑफिसातून विचारून यायला सांगा. तिथेही माहीत नसेल, तर १ समजा. ०.८५ कधी होणार, ती तारीख लेखी मागा.