वाईचे वाडे आणि नागरिकांचे कर्तव्य

जुना वाडा म्हणजे अडकून पडलेले भांडवल, असा एक व्यवहारी सिद्धान्त अलीकडे आमच्या पेठांतून पुष्कळच मान्यता पावत चालला आहे. वाडा पाडावा, त्या जागी सदनिकांची इमारत उठवावी, आणि वारशाची चिंता पुरातत्त्व खात्यावर सोपवावी, हा त्याचा मथितार्थ. वाईसारख्या क्षेत्राच्या बाबतीत हा सिद्धान्त धर्मदृष्ट्या तर असोच, पण निव्वळ हिशेबाच्या दृष्टीनेही तोट्याचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कृष्णाकाठच्या या गावाचे आजचे रूप मुख्यत्वे पेशवाईत, रास्ते घराण्याच्या औदार्याने घडले. काशीविश्वेश्वराचे देवालय १७५७ तले, तर ढोल्या गणपतीचे १७६२ तले. या गणपतिमंदिराची मागील भिंत माशाच्या आकाराची निमुळती बांधलेली आहे; हेतू हा की, पुराचा लोंढा तिच्यावर आदळून दुभंगावा. कोसभर अंतरावरील मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा व घाट असून, १७३९ च्या वसईच्या मोहिमेतील घंटा तेथे आजही टांगलेली आहे. घाट, देवालय, आळी आणि वाडा ही येथे एका सूत्रात ओवलेली आहेत. कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटांवर होतो तो उगीच नव्हे.

याच वाड्यांच्या शांततेत विद्येनेही घर केले. प्राज्ञपाठशाळा १९१६ साली येथेच निघाली. प्राचीन व्यवहारशास्त्राची वचने एकत्र करणारा धर्मकोश १९३७ पासून येथूनच प्रसिद्ध होऊ लागला. आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला, त्याचेही कार्यस्थान वाईच. मोठ्या राजधान्यांस हेवा वाटावा असे हे काम एका तालुक्याच्या गावी झाले. तेव्हा वाईचा वारसा केवळ दगडाचुन्याचा आहे, असे कोण म्हणेल?

देवालयांची आम्हांस फारशी काळजी वाटत नाही. भाविकांची श्रद्धा त्यांची राखण करील. खरा धोका आहे तो वाड्यांस. १९५८ चा केंद्रीय कायदा व १९६० चा राज्याचा कायदा हे घोषित स्मारकांस संरक्षण देतात. परंतु ज्या आळीमुळे स्मारकास अर्थ येतो, ती आळी त्या घोषणेबाहेर राहिली तर तिला कोणी वाली उरत नाही. शिवाय वाड्याच्या मालकाची अडचणही खोटी नाही. एका वाड्याचे वारस अनेक, भाडेकऱ्यांचे भाडे जुन्या काळचे, सागवानी तुळया बदलावयाच्या तर खर्च अवाच्या सवा. अशा मनुष्यास वारसा जपण्याचा कोरडा उपदेश करणे आणि दुरुस्तीचा सारा भार त्याच्याच माथी मारणे, हा न्याय नव्हे. ज्या वस्तूचा लाभ साऱ्या गावास होतो, तिच्या रक्षणाचा खर्चही गावाने वाटून घेतला पाहिजे.

यास कायद्याची आडकाठी नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम २२ अन्वये विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तरतूद करता येते. मुंबईत १९९५ साली वारसा-इमारतींसाठी नियम झाले आणि मालकास आपला न वापरलेला बांधकामाचा हक्क अन्यत्र विकण्याची वाट मिळाली. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने सांस्कृतिक बाबींची अभिवृद्धी हा विषय नगरपालिकांच्या कार्यसूचीत घातला. तेव्हा अधिकार नाही, ही सबब चालावयाची नाही. प्रथम वाड्यांची मोजदाद होऊन मालकांच्या संमतीने यादी तयार व्हावी. नंतर जो वाडा राखील त्यास घरपट्टीत सूट मिळावी आणि दुरुस्तीचा परवाना त्वरित मिळावा.

व्यापारी बंधूंस आमचे एकच सांगणे आहे. पाचगणी-महाबळेश्वरास जाणारे असंख्य प्रवासी तुमच्या दारावरून जातात. थांबून पाहावे असे काही गावात राहिले तरच ते थांबतील, आणि थांबले तरच चार पैसे तुमच्या गल्ल्यात पडतील. २००४ च्या 'स्वदेस' चित्रपटाचे चित्रण मेणवलीस झाले, ते तेथे जुना घाट उभा होता म्हणूनच. सदनिकांच्या इमारती पाहण्यासाठी पुण्याचा मनुष्य वाईस कशाला येईल?

आपल्या समृद्ध वारशाचे जतन करणे हे १९७६ पासून राज्यघटनेने प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. पाडलेला वाडा कोणत्याही न्यायालयाच्या हुकुमाने पुन्हा उभा राहत नाही. म्हणून वाईकरांनी आळीआळीतून सभा भरवाव्यात, मालक, भाडेकरू व व्यापारी यांस एकत्र बसवावे, आणि वाड्यांच्या यादीची लेखी मागणी नगरपालिकेकडे करावी. आरंभ एवढ्यानेही होईल. पण तो पुढच्या वाड्यावर पहार पडण्यापूर्वी झाला पाहिजे.