बोअर खोदणाऱ्यांचे शिक्षण आणि आपले आरोग्य

एप्रिल लागला की दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या भागात बोअरच्या गाड्यांची ये-जा वाढते. पाणाड्याने जागा दाखवलेली असते, फुटाचा दर ठरलेला असतो. रात्रभर कॉम्प्रेसरची घरघर चालते आणि उजाडेपर्यंत गाडी पुढच्या गावाला निघालेलीही असते. पाणी लागले तर नारळ फुटतो, नाही लागले तर कर्जाचा आकडा वाढतो. या घाईत एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. जमिनीला सहा इंची भोक पाडून थेट आपल्या पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोचणाऱ्या या माणसांनी हे काम शिकले कुठे?

खनिज तेल आणि वायूच्या क्षेत्रात या प्रश्नाचे उत्तर पक्के असते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात, मुंबई हाय येथे १९७४ मध्ये तेल सापडले. अशी तेलविहीर खोदताना पोकळ दांड्यांतून सतत एक द्रव खाली सोडला जातो आणि तो विहिरीच्या कडेने वर येतो. याला ड्रिलिंग फ्लुइड किंवा साध्या भाषेत ‘मड’ म्हणतात. साधारणपणे पाण्यात बेंटोनाइट नावाची फुगणारी माती कालवून तो तयार करतात. वजन वाढवायला त्यात बॅराइटची पूड घालतात. हा मड खोदलेला चुरा वर आणतो, तापलेले पाते थंड ठेवतो, विहिरीच्या भिंतीवर लेप चढवून ती ढासळू देत नाही. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे खालच्या तेला-वायूचा दाब तो आपल्या वजनाने तोलून धरतो.

हा तोल चुकला तर काय होते, ते २० एप्रिल २०१० रोजी अमेरिकेजवळच्या मेक्सिकोच्या आखातात दिसले. ‘डीपवॉटर होरायझन’ या तरंगत्या रिगवर दाबाच्या चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला आणि जड मड काढून त्याच्या जागी समुद्राचे हलके पाणी भरले जाऊ लागले. खालचा वायू उसळून वर आला, स्फोट झाला आणि ११ कामगारांचा जीव गेला. म्हणूनच या उद्योगात मडची जबाबदारी स्वतंत्र प्रशिक्षित अभियंत्याकडे असते. डेहराडूनला ओएनजीसीची ड्रिलिंग तंत्रज्ञानाची वेगळी प्रशिक्षण संस्था आहे. विहिरीवर ताबा ठेवण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची असते. ती संपली की पुन्हा परीक्षा द्यावी लागते.

या शिक्षणातल्या चाचण्या फार महागड्या नाहीत. मार्श फनेल नावाचे एक साधे नरसाळे असते. त्यात दीड लिटर द्रव भरून त्यातला ९४६ मिलिलिटर खाली उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. साध्या पाण्याला सुमारे २६ सेकंद लागतात, दाट मडला जास्त. नरसाळे, तराजू आणि घड्याळ एवढ्यावर जमिनीखालच्या बऱ्याच गोष्टी कळतात, मात्र त्या वाचायला शिकवणारा कुणीतरी लागतो.

आता वऱ्हाडाकडे वळू. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. या पट्ट्याबाहेर बहुतेक ठिकाणी काळा पाषाण आहे. तो फोडायला हवेच्या दाबाचा हातोडा चालतो आणि चुरा वर आणण्याचे काम हवा व फेस करतात. पूर्णेच्या खोऱ्यात मात्र गाळाचे थर आहेत आणि काही ठिकाणी त्यांची जाडी तीनशे मीटरहून जास्त भरते. अशा मऊ थरांत खोल भोक उघडे राहत नाही, म्हणून येथे तेलविहिरीसारखाच बेंटोनाइटचा मड वापरून खोदावे लागते. तेल आणि पाणी यांच्या खोदाईतले तंत्र इथे एकमेकांच्या अगदी जवळ येते.

खरी अडचण पुढे आहे. गाळाच्या खोऱ्यात एका थराचे पाणी बरे तर दुसऱ्याचे खारट, असे एकाच जागी असू शकते. खोदताना हे थर एकाच भोकाने जोडले जातात. जाणकार माणूस वर येणारा चुरा आणि पाणी थोड्या-थोड्या अंतरावर तपासतो, भोकात विद्युत तपासणीचे उपकरण सोडून गोड आणि खारे थर ओळखतो, चाळणीचा पाइप फक्त चांगल्या थरासमोर बसवतो आणि खाऱ्या थराची बाजू चिकणमाती किंवा सिमेंटने बंद करतो. हे केले नाही तर ती बोअर खारे पाणी गोड्या थरात पोहोचवणारी उभी नळी होते. तिचे नुकसान एका घरापुरते थांबत नाही, शेजारच्या विहिरीपर्यंत जाते.

दुसरी चूक वरच्या टोकाला होते, आणि ती पाषाणातल्या बोअरलाही लागू आहे. केसिंग पाइप आणि भोक यांच्यामधली फट बुजवली नाही, तर पावसाळ्यात गटाराचे, गोठ्याचे, शौचखड्ड्याचे पाणी त्याच फटीतून खाली उतरते. जुलै-ऑगस्टमध्ये गावात गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वराची साथ आली की संशय नळयोजनेवर घेतला जातो. ‘बोअरचे पाणी जमिनीतून येते, म्हणजे शुद्धच’ हा समज मात्र तसाच राहतो.

खारेपणाचा शरीरावरचा भार समजून घेण्यासाठी साधा हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढाने दिवसाला २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे, म्हणजे साधारण ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. पाण्यात लिटरमागे ४०० मिलिग्रॅम सोडियम असेल आणि अकोल्याच्या उन्हात माणूस दिवसाला ५ लिटर पाणी प्याला, तर २ ग्रॅम सोडियम पाण्यातूनच गेले. भाजी, लोणचे, ठेचा यांतले मीठ वेगळे. घामावाटे काही मीठ बाहेर पडते हे खरे. पण रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाला हा रोजचा भार झेपत नाही.

खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजाराची भीती मोठी आहे. तिथे सगळा दोष पाण्यावर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. मधुमेह, अनियंत्रित रक्तदाब, अंगदुखीसाठी दुकानातून घेऊन खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्या आणि उन्हात पाण्यावाचून केलेले काम ही कारणेही तितकीच खरी आहेत. पण खारट पाणी घशाखाली उतरत नाही म्हणून माणूस कमी पाणी पितो आणि त्यातून मुतखड्याचा धोका वाढतो, हेही विसरता येत नाही.

पाण्यातले काही दोष तर जिभेला कळतही नाहीत. भारतीय मानकानुसार नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा आणि फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. एकूण विरघळलेल्या क्षारांची मर्यादा ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,०००. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट, फ्लोराइड किंवा क्षार कमी होत नाहीत. वाफ उडाल्याने त्यांचे प्रमाण उलट थोडे वाढते.

खोदणाऱ्या कामगारांची तब्येतही याच प्रश्नाचा भाग आहे. तमिळनाडूतले तिरुचेंगोडे हे बोअरच्या गाड्यांचे गाव म्हणून देशभर ओळखले जाते आणि अशा गाड्यांवरची मुले घरापासून शेकडो किलोमीटर दूर राबतात. कॉम्प्रेसरच्या आवाजाने हळूहळू बहिरेपण येते, बारीक धूळ फुप्फुसात बसते. कानाला संरक्षण, नाका-तोंडाला योग्य मास्क, धूळ दाबायला पाणी, एवढे तरी त्यांना शिकवले आणि पुरवले गेले पाहिजे.

नियम नाहीत असे नाही. बोअर कशी खोदावी, पाइप कसा बसवावा, फट कशी बुजवावी यासाठी भारतीय मानक २८०० आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये खोदकाम करणाऱ्या गाड्यांच्या नोंदणीची तरतूद आहे आणि ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने आहेत. उघड्या बोअरमध्ये मुले पडू लागल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निर्देश दिले. त्यानुसार खोदण्याच्या १५ दिवस आधी कळवायचे, कुंपण घालायचे, सिमेंटचा ओटा बांधायचा, तोंडाला झाकण बसवायचे आणि सोडून दिलेली बोअर बुजवायची. पण कागदावरचा नियम गाडीवरच्या माणसापर्यंत पोहोचतो तो प्रशिक्षणातूनच, आणि ती कडी आज तुटलेली आहे.

ती जोडणे अवघड नाही. भूजल प्रशिक्षणासाठी रायपूरला केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. पावसाळ्यात बोअरच्या गाड्यांना काम कमी असते. त्या काळात आठवडाभराचा वर्ग घेता येईल. मड आणि फेस यांचा वापर, थर ओळखणे, फट बुजवणे, काम संपल्यावर बोअर धुऊन क्लोरीन टाकणे, कामगारांची सुरक्षा आणि शेवटी प्रत्यक्ष परीक्षा, इतका अभ्यासक्रम पुरे. गाडीची नोंदणी आणि नूतनीकरण या प्रमाणपत्राशी जोडले, तर वर्ग रिकामे राहणार नाहीत.

तोपर्यंत बोअर घेणाऱ्याने आपल्यापुरती काळजी घ्यावी. जागा शौचखड्ड्यापासून किमान १५ मीटर दूर असावी. दर ठरवतानाच केसिंगभोवतीची फट सिमेंटने बुजवून घेण्याची अट घालावी. पाणी पिण्याआधी त्याची प्रयोगशाळेत रासायनिक आणि जंतूंची, अशा दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात. पावसाळ्यानंतर जंतूंची तपासणी पुन्हा करावी. पाणी लागले नाही तर ते भोक त्याच दिवशी तळापासून वरपर्यंत भरून घ्यावे. लाखभर रुपये खर्चून बोअर घेणाऱ्याला या कामांचा खर्च जड जाऊ नये. घरातल्या एकाला डायलिसिसची वेळ आली, तर त्याहून कितीतरी जास्त पैसा आणि उरलेले आयुष्य दवाखान्याच्या फेऱ्यांत जाते.