गृहहितचर्चा : ‘पित्त उठलें’ म्हणून स्वस्थ बसूं नये

आमच्या मराठी घरांतून ‘पित्त’ या शब्दावर जितका भार टाकला जातो, तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दावर टाकला जात असेल. डोकें दुखलें तर पित्त, उमासे आले तर पित्त, आणि अंगावर तांबड्या गांधी उठल्या तरीहि पित्तच. मग आमसुलाचें पाणी चोळावें, गेरू लावावा व मुलास पांघरूण घालून निजवावें, हा उपचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पुष्कळ वेळां गांधी आपोआपच बसतात आणि श्रेय आमसुलास मिळतें. ज्या थोड्या वेळां प्रकरण तेवढ्यावर थांबत नाहीं, त्यांविषयीं या महिन्यांत लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे.

निमित्त एका पत्राचें आहे. दारव्हा तालुक्यांतील एक भगिनी लिहितात कीं, त्यांचें घर अकरा माणसांचें असून मुलगा चार वर्षांचा आहे. दिवाळींत बेसनाचा लाडू खाल्ल्यावर त्याचे ओंठ सुजले व अंगावर गांधी उठल्या. सासूबाईंनीं आमसूल चोळलें आणि तासाभरांत सर्व निवळलें. होळीस पुरणपोळीचे दोन घांस पोटांत जातांच पुनः तसेंच झालें, आणि या खेपेस दोन ओकाऱ्या होऊन ढांसहि लागली. ‘मी बोललें तर फाजील लाड ठरतात. मामंजी म्हणतात, थोडें थोडें देऊन संवय करावी. मीं काय करावें?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

आमचें उत्तर या भगिनीपेक्षां तिच्या मामंजींस व सासूबाईंस उद्देशून आहे. एकत्र कुटुंबांत मुलाच्या तोंडीं घांस घालणारे हात पुष्कळ असतात. त्यांतील एक हात जरी अजाण राहिला, तरी बाकीच्या दहांची सावधगिरी फुकट जाते.

सात्म्य व असात्म्य हा भेद चरकसंहितेंत सांगितलेला आहे. एकास मानवणारें अन्न दुसऱ्यास मानवेलच असें नाहीं, हें आमच्या पूर्वजांस चांगलें ठाऊक होतें. परंतु येथें जो प्रकार आहे तो त्याहून नेमका आहे. शरीराची रक्षकसेना रोगजंतूंशीं लढण्यासाठीं असते. कांहीं मुलांच्या ठायीं ती अन्नांतील एखाद्या निरुपद्रवी प्रथिनासच शत्रु समजते व त्याच्याविरुद्ध ‘आयजीई’ नांवाचीं प्रतिद्रव्यें तयार ठेवते. तें प्रथिन पुनः पोटांत गेलें कीं हिस्टामिनादि द्रव्यें एकाएकीं सुटतात. गांधी, सूज, ओकारी व श्वासाचा अडथळा हीं त्यांचींच कामें. १९०२ सालीं रिशे व पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं या तीव्र प्रकारास ‘ॲनाफिलॅक्सिस’ हें नांव दिलें, आणि पुढें १९१३ सालीं रिशे यांस नोबेल पारितोषिक मिळालें. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं योजिला.

या व्याधीचें एक लक्षण वडील मंडळींनीं नीट ध्यानांत घ्यावें. मागच्या वेळीं नुसत्या गांधी उठल्या, म्हणून पुढच्या वेळींहि तेवढेंच होईल असें मुळींच नाहीं. आणि अन्नाचा अंश थोडा, म्हणून अपायहि थोडा, असा हिशेब येथें चालत नाहीं. सबब ‘संवय करणें’ हा मार्ग घरीं सर्वथा वर्ज्य आहे. मात्रा मोजून वाढविण्याचे उपचार तज्ज्ञ करितात, परंतु ते त्यांच्या देखरेखीखालीं आणि सर्व साधनें हाताशीं ठेवून.

हरभऱ्याविषयीं कोणास नवल वाटेल. पाश्चात्य देशांत भुईमुगाचा बोभाटा फार. पण आमच्याकडे हरभराहि असाच अपाय करूं शकतो, हें मुंबईचे निफाडकर, पाटील व बापट या संशोधकांनीं १९९७ व २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत दाखविलें आहे. वऱ्हाडांतील स्वयंपाकघरांत हरभरा कोठें नाहीं, असेंच विचारावें लागेल. पुरण, पिठलें, भजीं व शेव हीं तर उघडच दिसतात; परंतु कढीस लावलेलें पीठ, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, चिवड्यांतील डाळें, पाटवडी, सांबारवडी व गोळाभात यांतहि तो असतो. दाणे ज्यास बाधतात त्याच्यासाठीं उपासाचा दिवसच अधिक धोक्याचा, कारण साबूदाण्याच्या खिचडीपासून काकडीच्या कोशिंबिरीपर्यंत सर्वत्र कूट असतो. भजीं ज्या तेलांत तळलीं त्याच तेलांत मुलाची पुरी तळूं नये. लाडवाच्या डब्यांतील चमचा त्याच्या दुधांत घालूं नये. त्याच्यासाठीं कढई, पळी व डबा वेगळा ठेवावा, आणि त्याचें जेवण सर्वांच्या आधीं करून झांकून ठेवावें. ज्या घरांत सोंवळ्याओंवळ्याचा विवेक चालत आला आहे, तेथें ही शिस्त अवघड वाटूं नये.

दुधाविषयींहि एक गैरसमज फार रूढ आहे. गाईचें दूध बाधतें म्हणून शेळीचें किंवा म्हशीचें देतात. परंतु त्यांतील प्रथिनें इतकीं सारखीं असतात कीं बहुतेक मुलांस तेंहि बाधतें. दहीं व ताक यांस तोच नियम लागू. तुपांतहि दुधाचा अंश राहूं शकतो. याउलट, दूध पचत नाहीं म्हणून केवळ पोट फुगणें ही निराळी तक्रार असून तिच्यांत असा प्राणभय नसतो. हा भेद डॉक्टरांनींच करावा.

निदानासाठीं मूल काय जेवलें, किती वेळानें काय झालें, हें वहींत तारीख घालून लिहावें व ती वही बालरोगतज्ज्ञांस दाखवावी. नुसत्या रक्ताच्या तपासणीवर विसंबून दहा पदार्थ बंद करूं नयेत. कर्नाटकांतील प्रौढांची एक मोठी पाहणी २०१६ सालीं प्रसिद्ध झाली; तींत शेंकडा २६.५ लोकांच्या रक्तांत कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध प्रतिद्रव्यें आढळलीं, परंतु खरी ॲलर्जी असण्याचा संभव शेंकडा १.२ लोकांतच दिसला. विनाकारण पथ्य लादल्यानें वाढतें मूल खंगतें, हेंहि विसरूं नये.

बाजारच्या बंद पुड्यांवर दूध, अंडें, मासे, कवचधारी जलचर, भुईमूग, सुकामेवा, सोयाबीन व गव्हासारखीं ग्लुटेनयुक्त धान्यें यांचा उल्लेख करणें २०२० च्या नियमांनीं बंधनकारक आहे. तो वाचल्यावांचून पुडी फोडूं नये. मात्र हरभऱ्याचें नांव या यादींत नाहीं, म्हणून ज्यास तो बाधतो त्यानें घटकद्रव्यें पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावीं. सुट्या मिठाईस लेबल नसतें. ती न देणेंच बरें. शाळेच्या पोषण आहारांत कडधान्यें येतात, म्हणून वर्गशिक्षकांस व स्वयंपाक करणाऱ्या बाईंस लेखी कळवावें. देवळांतला प्रसाद मुलानें मस्तकास लावून वडिलांच्या हातीं द्यावा. त्यानें भक्तींत उणेपणा येत नाहीं.

आतां आणीबाणीविषयीं. लक्षणें बहुधा कांहीं मिनिटांत ते दोन तासांत दिसतात. आवाज घोगरा होणें, ढांस लागणें, छातींत घरघर, जीभ किंवा घसा सुजणें, गांधींबरोबर वारंवार ओकाऱ्या, मूल पांढरें फटक पडणें वा गळून जाणें, यांपैकीं कांहींहि दिसलें कीं क्षणाचाहि विलंब करूं नये. यावर पहिलें औषध एकच, तें म्हणजे मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूंत दिलेलें ॲड्रेनॅलिनचें इंजेक्शन. खाजेची गोळी खाज शमविते. अडत चाललेला श्वास मोकळा करीत नाहीं. आमसूल, गेरू, मिठाचें पाणी व दृष्ट काढणें यांत मोलाचीं मिनिटें जातात. मुलास आडवें निजवून पाय उंच ठेवावे. श्वास लागत असेल तर बसतें धरावें. उभें करूं नये, चालवूं नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ पासून मिळते. उमरखेड, वणी किंवा झरी-जामणीकडील घरांनीं यवतमाळच्या शासकीय रुग्णालयाचा मार्ग धरण्यापूर्वीं जवळचें ग्रामीण रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गांठावें. जेथें लसी टोंचतात तेथें हें औषध ठेवण्याचा दंडक आहे. एखाद्या निवांत दिवशीं जाऊन रात्रीं तेथें कोण असतें, याची चौकशी करून ठेवावी. बरें वाटलें तरी कांहीं तास तेथेंच थांबावें, कारण लक्षणें पुनः उलटूं शकतात. घरीं इंजेक्शन ठेवावें कीं नाहीं व किती मात्रेचें, हें डॉक्टरांकडून लिहून घ्यावें.

ज्या घरांत तान्हें मूल आहे त्यांच्यासाठीं एक आनंदाची वार्ता आहे. बाधणारे पदार्थ वर्षानुवर्षें लांबविले कीं मूल सुरक्षित राहतें, ही समजूत आतां मागें पडली आहे. लंडनमध्यें ६४० तान्ह्या मुलांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांस भुईमूग लहानपणींच नियमानें दिला, त्यांच्यांत त्याची ॲलर्जी फार कमी आढळली. उष्टावणानंतर दाणे व डाळी अगदीं मऊ, बारीक वाटून हळूहळू द्यावयास हरकत नाहीं. अख्खा दाणा मात्र लहान मुलास देऊं नये, तो श्वासनलिकेंत अडकतो. आणि ज्या बालकास तीव्र इसब आहे किंवा आधीं कांहीं बाधलें आहे, त्यास डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून नवा पदार्थ देऊं नये. दूध, अंडें, गहूं यांची ॲलर्जी पुष्कळ मुलांत वयाबरोबर जाते. दाण्याची बहुधा राहते. म्हणून ठराविक काळानें फेरतपासणी करावी.

शेवटीं वडीलधाऱ्यांस एवढेंच विनवितों. मूल ‘नको’ म्हणतें तेव्हां तो नेहमींच हट्ट नसतो. तोंड खाजतें हें त्यास शब्दांत सांगतां येत नाहीं. ‘ताटांत टाकूं नये’ हा नियम चांगला, पण या एका बाबतींत तो शिथिल करावा. काय बाधतें, कशांत असतें, कोणतीं लक्षणें भयंकर व कोणास बोलवावें, हीं चार वाक्यें मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीस लावावीं, आणि तो कागद घरांतील सर्वांत वडील माणसानें आपल्या हातानें लावावा, म्हणजे सुनेस तें सांगण्याची वेळ येणार नाहीं.