उरणची गाडी आणि मुरबाडची वाट

दिवाळी अंकाच्या आरंभी वाङ्मयाविषयी आणि गतवर्षाच्या साहित्यव्यवहाराविषयी चार शब्द लिहावेत असा संपादकांचा परिपाठ आहे. तो यंदा बाजूस ठेवून मुंबईच्या उपनगरी लोहमार्गाविषयी लिहिण्याचे आम्ही योजिले, याचे कारण असे की, ज्या वाचकवर्गाच्या आश्रयावर मराठी नियतकालिके उभी आहेत त्यातील फार मोठा भाग आज मुंबई शहरात राहत नसून बदलापूर, वांगणी, आसनगाव, सफाळे, पालघर अशा गावी राहतो, आणि त्याच्या वाचनाला, विश्रांतीला व मुलाबाळांच्या सहवासाला दिवसाकाठी जो वेळ उरावयाचा तो सर्वस्वी गाडीच्या वेळापत्रकावर अवलंबून असतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणास पोहोचले. त्या काळच्या साधनांनी आणि एका खासगी कंपनीच्या भांडवलावर जे इतक्या त्वरेने घडले, ते स्वराज्यात किती विलंबाने घडते, हे पाहावयाचे असेल तर उरणचा इतिहास पाहावा. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादन करण्याचे ठरले. त्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईच्या परिसरात जे आंदोलन झाले, त्यात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले; १९८९ साली न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले आणि बंदराच्या मालासाठी याच गावांच्या शिवारातून रूळ गेले. उतारूंची गाडी मात्र खारकोपरपर्यंत येण्यास २०१८ साल उजाडले आणि उरणास पोहोचण्यास १२ जानेवारी २०२४ हा दिवस यावा लागला. ज्यांनी जमीन दिली आणि जमिनीसाठी रक्तही सांडले, त्यांच्या शेजारून तीसहून अधिक वर्षे मालाचे डबे जात राहिले आणि ते स्वतः एस.टी.च्या थांब्यावर उभे राहिले, ही गोष्ट लिहिताना आमचे मन विषण्ण होते.

विलंबाला कारणे नव्हती असे नाही. वनखात्याची अनुमती, खाजणजमिनींचे आणि कांदळवनांचे रक्षण, भूसंपादनाचे तंटे या खऱ्या अडचणी आहेत, आणि कांदळवने तुडवून रूळ टाकावेत असे आम्ही कदापि म्हणणार नाही. परंतु पैसा नाही, ही सबब आम्हांस मान्य नाही. १९९२ साली मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीस गाडी आली, ती खर्चाचा ६७ टक्के भार सिडकोने आणि ३३ टक्के भार रेल्वेने उचलला म्हणून. गाडी येणार या नुसत्या वार्तेनेच जमिनीचे मोल वाढते. त्या वाढीव मोलाचा वाटा सार्वजनिक खजिन्यात आला तर त्यातूनच रूळ टाकता येतात, हे त्या व्यवस्थेने सिद्ध केले. आज नेरळ-कर्जतच्या बाजूस इमारती आधी उठतात, घरे विकली जातात, नफा विकासकाच्या तिजोरीत जातो, आणि रहिवासी आल्यावर मग लोहमार्गाचा अर्ज दप्तरी दाखल होतो.

तथापि केवळ रूळ पोहोचल्याने गाव जोडले जाते असे मानणे ही मोठीच भूल आहे. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत उपनगरी गाडी १६ एप्रिल २०१३ रोजी सुरू झाली तेव्हा वैतरण्यापासून वाणगावापर्यंत आनंद झाला, आणि तो सार्थ होता. परंतु त्या सगळ्या पट्ट्यात येण्याचा एक आणि जाण्याचा एक असे दोनच रूळ; त्यांवरूनच गुजरातेकडे आणि दिल्लीकडे जाणाऱ्या जलद गाड्या, त्यांवरूनच मालगाड्या; त्यामुळे लोकल वाढवावयाची म्हटले तरी तिला जागा नाही, आणि आहे ती लोकल मागून येणाऱ्या मेलला वाट देण्यासाठी बाजूस उभी राहते. बोईसरच्या कारखान्यातून सुटलेला कामगार किंवा पालघरच्या कचेरीतील कारकून यांची एक गाडी चुकली तर संध्याकाळ फलाटावरच सरते. ६४ किलोमीटरच्या या मार्गाच्या चौपदरीकरणास डिसेंबर २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. पहिल्या लोकलच्या आधी ती मिळाली असती तर किती बरे झाले असते! उरणच्या गाडीचीही तीच कथा: आरंभी ती साधारणतः तासाला एक सुटू लागली, आणि तीही नेरूळ-बेलापूरपर्यंतच; मुंबईस जाणाऱ्याने तेथे उतरून दुसरी गाडी धरावयाची.

नवी गाडी मागितली की उतारूंची संख्या विचारली जाते. जेथे गाडीच नाही, किंवा तासाने एक आहे, तेथे उतारू मोजून काय हाती लागणार? मुरबाडच्या ज्या मुलीने कल्याणच्या महाविद्यालयाचा नाद सोडला, ज्या तरुणाने शहरातील नोकरी पत्करून तेथेच दहा फुटांच्या खोलीत बिऱ्हाड केले, ज्या भाजीवालीने पहाटेचा बाजार गाठता येत नाही म्हणून माल दलालास दिला, ती माणसे कोणत्याही गणतीत येत नाहीत. मुरबाड तालुक्यातील गावे बारवी धरणासाठी विस्थापित झाली, त्या धरणाचे पाणी कल्याण-डोंबिवलीच्या घराघरांत पोहोचले. कल्याण-मुरबाड लोहमार्ग अद्याप व्हावयाचा आहे. त्याचा निम्मा खर्च सोसण्याची तयारी राज्य सरकारने दर्शविली आहे, तेव्हा आता चालढकलीस निमित्त उरलेले नाही.

त्याआधी पनवेल-कर्जतचा दुहेरी उपनगरी मार्ग खुला होईल अशी चिन्हे आहेत; वावर्ल्याच्या डोंगरातून अडीच किलोमीटरहून लांब बोगदा त्यासाठी खणला गेला आहे. उद्घाटनाच्या समारंभापूर्वीच रेल्वेने आणि एस.टी. महामंडळाने एकत्र बसून त्याचे वेळापत्रक ठरवावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. चिखले, मोहोपे आणि चौक येथे उतरणाऱ्यास आतल्या वाड्या-वस्त्यांकडे नेणारी बस गाडीची वाट पाहत उभी असावी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह पहिल्या दिवसापासून उघडे असावे, आणि पनवेलहून रात्रीची शेवटची गाडी दुसरी पाळी संपवून येणाऱ्या कामगारास मिळेल अशा वेळी सुटावी.