बोलीसकट पुढे

आदिवासी मुलांनी शिकावं, पुढे यावं. पण त्यासाठी घरची बोली आणि ताटातली नागली-वरई मागे टाकावी, ही अपेक्षा मला मुळीच मान्य नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे बघा. महादेव कोळी समाजातल्या या बाई शाळेत गेल्या नाहीत. गावरान बियाणं त्यांनी जपलं, त्याची बँक उभारली, आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती नऊवारीतल्या, गावच्याच बोलीत बोलणाऱ्या या राहीबाईंना. देशाने त्यांचं ज्ञान जसंच्या तसं स्वीकारलं. मग वसतिगृहातल्या आदिवासी पोरीला आईशी फोनवर घरच्या बोलीत बोलताना आवाज का दाबावा लागतो? तिची बोली आधी शिक्षकांनी शिकावी, निदान पहिली-दुसरीच्या वर्गापुरती तरी.