स्थलयात्रा : हिंगणघाटचे एक थडगे

मुक्कामी पोहोचलेल्या यात्रिकाचा सर्वत्र बोलबाला होतो. वाटेतच ज्याचा देह पडला त्याची आठवण सहसा कोणी ठेवीत नाही. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट या कापसाच्या पेठेत अशाच एका अर्ध्या राहिलेल्या प्रवासाची खूण आहे. २० जानेवारी १८२३ रोजी तेथे निवर्तलेल्या विल्यम लॅम्बटन या मोजणीदाराचे ते थडगे होय.

या प्रवासाचा उगम विदर्भात नसून म्हैसूर प्रांती आहे. आम्ही ज्या कुवेंपुनगरातून हे लिहीत आहोत, तेथून श्रीरंगपट्टण जवळच आहे. १७९९ साली टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत लॅम्बटन इंग्रजी सैन्यात होता. एके रात्री जनरल बेअर्ड यांची तुकडी दिशा चुकून थेट शत्रूच्या छावणीकडे चालू लागली. लॅम्बटनने ताऱ्यांवरून ती चूक ओळखली आणि सेनापतीच्या ध्यानी आणून दिली. श्रीरंगपट्टण पडल्यावर याच गृहस्थाने दक्षिण भारताच्या शास्त्रीय मोजणीची योजना मांडली. १८०० साली बंगळूरजवळ तिचा पहिला प्रयोग झाला आणि १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ खऱ्या कार्यास आरंभ झाला.

ही रीत समजण्यास सोपी, पण आचरण्यास महाकठीण. सपाट जमिनीवर सुमारे साडेसात मैलांची एक रेषा शंभर फुटी पोलादी साखळीने मोजावयाची. मग तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घ्यावयाचे. त्रिकोणाची एक बाजू व दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. अशा त्रिकोणांची माळ गुंफीत पुढे जावयाचे. उन्हाने साखळी वाढते, म्हणून तिच्यावर सावली धरावी लागे. तेवढ्या एका रेषेला सत्तावन्न दिवस लागले!

कोन मोजण्याचे थिओडोलाइट यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते. विलायतेहून येताना ते जहाजासह फ्रेंचांच्या हाती सापडले. परंतु मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नराने ते सौजन्यपूर्वक परत पाठविले. पुढे १८०८ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर चढविताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्बटनने हताश न होता स्वतःच्या हातांनी ते सुमारे सहा आठवड्यांत नीट केले.

हे कार्य कंपनी सरकारच्या सोयीसाठी, फौजा व महसूल यांच्या हिशेबासाठी चालले होते, हे विसरून चालणार नाही. तरीही त्यातून पृथ्वीच्या आकाराचे जे ज्ञान हाती आले, ते अखिल मानवजातीचे ठरले.

१८२२ च्या अखेरीस, सत्तरीच्या घरात आलेला आणि क्षयाने जर्जर झालेला लॅम्बटन हैदराबादेहून नागपूरकडे निघाला. नागपूर अवघे पाऊणशे किलोमीटर उरले असता हिंगणघाटी त्याचा प्रवास संपला. तोवर सुमारे १,६५,००० चौरस मैल प्रदेश मोजून झाला होता. त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट याने ती माळ पुढे नेली आणि कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतची सुमारे २,४०० किलोमीटरची दक्षिणोत्तर मोजणी १८४१ साली पुरी झाली. १८६५ साली जगातील सर्वोच्च शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले. पाया घालणाऱ्याच्या वाट्याला मात्र विदर्भाच्या मातीतले हे साधे थडगे आले.

परंतु ज्यांना तेवढेही लाभले नाही, त्यांचे काय? टेकड्यांवर निशाणे धरणारे, साखळ्या ओढणारे, ते अवजड यंत्र डोंगरावर चढविणारे शेकडो देशी लोक या प्रवासात होते. १८१९ साली कृष्णा-गोदावरीच्या मधल्या अरण्यात एव्हरेस्टच्या तुकडीला हिवतापाने गाठले आणि कित्येक माणसे दगावली. त्यांची नावे कोणत्याही शिखरावर नाहीत, की दगडावर नाहीत. हिंगणघाटी माथा लवेल तो त्यांच्यासाठीही लवावा.

दिल्ली-चेन्नई लोहमार्गावर हिंगणघाट हे स्थानक आहे, तेव्हा तेथे जाणे अवघड नाही. तेथून नागपुरास गेल्यास लॅम्बटनला जेथे पोहोचता आले नाही, त्या शहरातच याच सर्वेक्षणाचा, १९०७ सालचा 'झीरो माइल' दगड पाहावयास मिळतो. मुलांना ही दोन्ही स्थळे एकाच फेरीत दाखवावीत. जाण्यापूर्वी अंगणात दोन खुंट्या ठोकून व दोरी बांधून समोरच्या झाडाचे अंतर त्रिकोणाने काढून पाहावे. म्हणजे थडग्यापाशी उभे राहिल्यावर त्यांना वेगळे सांगण्याची गरज पडणार नाही.

आणखी एक विनंती. आपल्या गावच्या टेकडीवर किंवा जुन्या इमारतीवर 'जी. टी. एस.' अशी इंग्रजी अक्षरे कोरलेला दगड आढळला, तर तो कोणास उपटू वा फोडू देऊ नये. कोणी अनामिक मनुष्य तो तेथवर घेऊन गेला होता.